रजनीचा स्टोव्ह

कोरान्ने सरांनी पिशवीतून एकामागून एक तीन स्टोव्ह काढून टेबलावर ठेवले. तिसऱ्याची पत्र्याची डबी बघितली आणि मी हातातला पाना खाली ठेवला.

"काय झालं, मंदाताई?" सर म्हणाले.

"काही नाही. हा कुठं मिळाला तुम्हाला?"

"देवळाली कॅम्पात. एक जुना भंगारवाला दुकान बंद करतोय. पोत्यात तळाशी होता. फौजेतला दिसतो, नाही का?"

फौजेतलाच होता. डबी उघडली की तिचंच बूड स्टोव्हची बैठक व्हायची, झाकण वाऱ्याला आडोसा म्हणून उभं राहायचं. पितळी टाकी संत्र्याएवढी, बाजूला करंगळीएवढा पंप. देवळालीच्या छावणीत जुनं सामान विकायला निघालं की असे स्टोव्ह नाशकात यायचे. सर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. गडावर जाताना नेता येतील असे जुने स्टोव्ह जमवायचा त्यांना नाद होता. घरी फळीवर चाळीसेक होते, आणि त्यातले बरेचसे माझ्या हाताखालून गेलेले.

मी डबी उलटी केली नाही. टाकीच्या बुडाला काय असेल ते मला माहीत होतं. सरांना म्हटलं, "दोन उद्या न्या. ह्याला आठ दिवस लागतील." ते गेल्यावर मी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि मग टाकी उलटी केली. बुडाला बारीक ठोक्यांनी कोरलेलं होतं : श्री, ३-३-८१.

श्री म्हणजे श्रीरंग, माझा मोठा भाऊ. दुरुस्त केलेल्या प्रत्येक स्टोव्हच्या बुडाला तो अशी तारीख ठोकायचा.

आमचं घराणं तांबटांचं. आजोबांपर्यंत हंडे-घागरी घडवायचे, वडिलांच्या वेळेला ते काम कमी झालं तेव्हा ते कल्हई आणि स्टोव्हदुरुस्तीवर आले. दादा त्यांच्याही पुढं गेला. त्याला स्टोव्हचा आवाज ऐकून कळायचं, कुठं काय दुखतंय ते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कॉलेजातून आले की दुकानात बसून चामड्याचे वॉशर तेलात भिजत घालायचे, पिना मोजून डबीत ठेवायच्या, एवढंच माझं काम.

ऐंशी सालच्या दिवाळीच्या आसपास आमच्या मागच्या गल्लीत एक नवं बिऱ्हाड आलं होतं. मनोहर, त्याची आई आणि त्याची बायको रजनी. रजनी वीसएक वर्षांची असेल. सिन्नरच्या पुढच्या एका खेड्यातली. मनोहरचा कोणी मित्र छावणीत ड्रायव्हर होता, त्यानं लग्नात हा घडीचा स्टोव्ह दिलेला. तो घेऊन ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा पदराखाली झाकून आली होती, चोरी केल्यासारखी. म्हणाली, "भाऊ, हवा धरत नाही हा."

दादानं पाहिलं, हवा धरत होता. त्यानं तिला समजावून सांगितलं. टाकी भरताना वर दोन बोटं जागा सोडायची, आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापू द्यायचा, मग हळूहळू पंप. ती ऐकत उभी राहिली. सगळं झाल्यावर परत पहिल्यापासून विचारलं. दादानं परत सांगितलं. मग ती बाकावर बसली, पाणी मागितलं, आणि गावाकडच्या विहिरीचं पाणी किती गोड आहे ते सांगत राहिली.

ती दर आठ-पंधरा दिवसांनी यायला लागली. कधी पंप घट्ट आहे म्हणायची, कधी वास येतो म्हणायची. बहुतेक वेळा स्टोव्हला काही झालेलं नसायचं. दादा तरी तो खोलायचा, पुसायचा, परत जोडायचा. त्याला वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ ती बाकावर बसून बोलायची. मी एकदा म्हटलं, "दादा, ह्याला काही झालेलं नाही हे तुला कळत नाही का?" तो म्हणाला, "कळतं."

गल्लीला मात्र वेगळंच कळायला लागलं. नळावर बायका माझ्याकडं बघून बोलणं थांबवायच्या. एकीनं तर आईला विचारलं, श्रीरंगचं लग्न कधी करताय म्हणून. मला त्या रजनीचा राग यायचा. भावावर माझा फार जीव होता आणि त्याचं नाव कुणी तोंडात घेतलेलं मला खपत नव्हतं.

तीन मार्चला ती आली तेव्हा पहिल्यांदाच स्टोव्हला खरंच काही झालेलं होतं. बर्नर चिरला होता, उंचावरून पडल्यासारखा. दादानं विचारलं, कसा पडला? ती म्हणाली, हातातून निसटला. दादानं नवा कोरा बर्नर बसवला. बसवल्यावर पेटवून बघायचं, ज्योत निळी लागली की मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. दादानं काडी हातात घेतली तेवढ्यात ती उठली. म्हणाली, "राहू द्या भाऊ, सासूबाई देवळातून येतील आता." त्यानं टाकीखाली तारीख ठोकली आणि न पेटवता स्टोव्ह तिच्या हातात दिला.

अकरा मार्चला दुपारी मागच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. रजनी जळाली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलीच.

स्टोव्हचा भडका उडाला, असं मनोहरनं सांगितलं, त्याच्या आईनं सांगितलं, आणि कागदावरही तेच आलं. हा स्टोव्ह स्वयंपाकघरातून काढून पंचांना दाखवला गेला. दुरुस्त कुणी केला होता, तर श्रीरंगनं. दादाला दोनदा चौकशीला बोलावलं. त्यानं आपण होऊन सांगितलं, की नवा बर्नर घातला होता आणि मी पेटवून बघितला नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. पोलिसांनी जबाब घेतला आणि सोडून दिलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

दादा मात्र त्या बाकासमोर परत बसला नाही. महिनाभर घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. एका सकाळी उठून पाहिलं तर अंथरूण घडी घातलेलं होतं आणि तो नव्हता. मनोहर आणि त्याची आई वर्षाच्या आत बिऱ्हाड मोडून गेले, कुठं ते कुणाला माहीत नाही. दीड वर्षानं दादाचं पहिलं कार्ड आलं, चिखलदऱ्याहून. "मी बरा आहे. रोपवाटिकेत कामाला आहे. आईला सांगणे." त्यानंतर दर वर्षी दिवाळीनंतर एक कार्ड, तेवढ्याच तीन ओळी. आई ते दोनदा वाचून घ्यायची आणि विचारायची, अजून काही लिहिलंय का. मी म्हणायची, नाही. वडील दोनदा जाऊन आले. तो त्यांच्याशी बोलला, त्यांना जेवायला घातलं, पण परत आला नाही. नव्वद साली वडील वारले तेव्हा मी तार केली. तेराव्यानंतर चार दिवसांनी त्याचं कार्ड आलं, त्यात चौथी ओळ होती : "माझं तोंड दाखवण्यासारखं नाही."

वडिलांनंतर दुकान मी चालवायला घेतलं. माझं सासर त्याच गल्लीत, नवऱ्याची हरकत नव्हती. मी दादाच्या जागेवर बसले, त्याच्या पान्यांनी काम केलं. कधीकधी एखादा स्टोव्ह निळा लागला, तसा बारीक एकसारखा आवाज आला, की मान वर करून बघायची सवय लागली होती, तो बघतोय का म्हणून.

तर तो स्टोव्ह आता माझ्यासमोर होता. पंधरा वर्षांनी.

फुटलेले स्टोव्ह मी पाहिले होते. टाकीचं बूड फुगतं, नाहीतर सांधा उकलतो. ह्या टाकीला साधा पोचा नव्हता. मी पंपाला नवं चामडं घातलं, हवा भरली, टाकी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एक बुडबुडा आला नाही. टाकीचा सांधा त्या दिवशी जसा होता तसा होता.

मग सरांना हवा तसा चकचकीत करायला मी चिंचेचं पाणी घेतलं. टाकी घासली, डबी घासली. बर्नर घासायला घेतला आणि थांबले. तो खिडकीपाशी नेला. पितळ जुनं होऊन मळकट झालं होतं, पण त्यावर आगीचा डाग नव्हता. बर्नर एकदा जरी पेटला तरी त्याचं डोकं काळवंडतं. आत काजळी धरते, कडेला निळसर-तांबूस झाक येते, ती कितीही घासा, पूर्ण जात नाही. मी हजारो बर्नर हाताळले होते. आतून पांढरं फडकं फिरवलं, ते फक्त धुळीनं भुरकं झालं, काळं झालं नाही.

तो बर्नर कधी पेटलेलाच नव्हता. तीन मार्चला दादानं बसवला, त्यानंतर त्याला काडी लागली नव्हती.

मी तो घासला नाही. चिंचेचं पाणी मोरीत ओतलं आणि फडक्यात गुंडाळून स्टोव्ह कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तो तुमच्याकडंच राहू द्या. त्यांच्या ओळखीचे एक वकील होते, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "पंधरा वर्षं झाली. माणसं सापडत नाहीत. न पेटलेला बर्नर घेऊन तुम्ही कुणापुढं उभ्या राहणार?" त्यांचंही बरोबर होतं. पण मला कुणापुढं उभं राहायचं होतं ते मला ठाऊक होतं.

अमरावती, परतवाडा आणि मग घाट. चिखलदऱ्याला उतरले तेव्हा सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. रोपवाटिका विचारत गेले. दादा वाफ्यात उकिडवा बसून पिशव्यांत माती भरत होता. डोकं पांढरं झालेलं. मी हाक मारली नाही, तशीच उभी राहिले. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "आई?"

"आई बरी आहे," मी म्हटलं. "मी दुसऱ्याच कामाला आलेय."

त्याच्या खोलीत तीन दगडांची चूल होती. खोलीत कुठंही स्टोव्ह नव्हता, रॉकेलची बाटलीसुद्धा नव्हती. त्यानं लाकडं पेटवून चहा टाकला. मी फडकं सोडलं. डबी बघताच तो मागं सरकला आणि म्हणाला, "हे कशाला आणलंस, मंदे? बंद कर ते."

"बर्नर बघ."

"मला काही बघायचं नाही."

"मी सहा वर्षं तुझ्या जागेवर बसून हे काम करतेय, दादा. मी सांगतेय म्हणून बघ."

त्यानं हात पुसले आणि बर्नर घेतला. दाराशी नेऊन उजेडात धरला. अंगठा कडेवरून फिरवला. नखानं आत खरवडून बघितलं. त्याच्या हाताला विसर पडलेला नव्हता. त्यानं टाकी उलटी केली, तारीख बघितली, परत बर्नर बघितला. त्याला सांगायची गरज नव्हती.

"हा पेटलाच नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"मग ती कशी..."

मला वाटलं होतं, पंधरा वर्षांचं ओझं उतरल्यावर तो रडेल, मला जवळ घेईल. सगळ्या प्रवासात मी तेच बघत आले होते. तो खाली बसला आणि म्हणाला, "माझ्या चुकीनं गेली असती तर बरं झालं असतं, मंदे. निदान अपघात तरी असता."

चहा उतू गेला. आम्ही दोघांनीही तो उतरवला नाही.

संध्याकाळी तो आपण होऊन बोलला. म्हणाला, "ती काही सांगायला यायची. मला कळत होतं. म्हणून तर मी तो खोलत बसायचो. म्हटलं, आज ना उद्या बोलेल. पण मी कधी विचारलं नाही. परक्याची बाई, विचारायचं कसं?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "तिची आई असेल का अजून? तिला सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर निघाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा घाट उतरला.

गावाचं नाव त्याच्या लक्षात होतं, रजनीच्याच तोंडून ऐकलेलं. सिन्नरला उतरून दुसरी गाडी धरली. रजनीची आई गिरिजाबाई ओसरीवर मठ निवडत बसली होती. सत्तरीची, बारीक अंगाची. आम्ही कोण ते दादानंच सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. हे नाव तिनं ऐकलेलं असणार. मला वाटलं, आता ती हाकलून देईल. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बसा."

दादानं स्टोव्ह तिच्यापुढं ठेवला आणि सोप्या शब्दांत सांगितलं. हा त्या दिवशी पेटलेला नव्हता. ती ह्याच्यानं जळाली नाही.

गिरिजाबाई म्हणाली, "लोक म्हनायचे, पोरीला ष्टो पेटवता येत नव्हता. खेड्यातली, अडानी. तिच्याच सासूनं सांगितलं तसं." तिनं टाकीवर हात ठेवला. "तिला भ्याव वाटायचं ह्याचं. ती कशाला पेटवंल? मला ठावं होतं. पर मला कोन विचारतंय."

मग तिनं दादाकडं वळून विचारलं, "तुमच्याकडं यायची ना ती? काय बोलायची?"

दादा सांगायला लागला. विहिरीचं पाणी, परड्यातली शेवग्याची झाडं, शाळेत तिनं म्हटलेल्या कविता, लहानपणी बैल बुजला तेव्हा वडिलांनी तिला उचलून झाडावर ठेवलं ते. मी दुकानात बसून ह्यातलं निम्मंही ऐकलं नव्हतं, कारण मी रागानं कान बंद करून बसायची. गिरिजाबाई एकेक गोष्ट परत विचारून घेत होती. हे कधी म्हणाली? हसत म्हणाली का? दादा आठवून आठवून सांगत होता. तास दीड तास गेला असेल. त्या बाईच्या चेहऱ्याकडं मला बघवत नव्हतं. तहानलेलं माणूस ओंजळीनं पाणी पितं, तशी ती ऐकत होती.

शेवटी तिनं विचारलं, "आन् शेवटची कधी आलती?"

"तीन मार्चला," दादा म्हणाला.

मी गप्प बसू शकले असते. पंधरा वर्षं बसलेच होते.

"नाही," मी म्हटलं. "नऊला आली होती. दादा नव्हता, कॅम्पात गेला होता. मी एकटी होते."

दादा माझ्याकडं बघायला लागला.

"स्टोव्ह घेऊन आली होती. चेहरा सुजलेला होता, तो मी बघितला. तरी म्हटलं, परवाच नवा बर्नर घातलाय, आता काय झालं? म्हटलं, रोज रोज काय आणता, लोक माझ्या भावाला नावं ठेवतात. तुम्हाला लाज नसली तरी आम्हाला आहे. ती थोडी उभी राहिली आणि गेली."

आतून कोंबडी आली आणि सुपातले मठ टिपायला लागली, तिला कुणी हाकललं नाही.

गिरिजाबाईनं माझा हात धरला. मला वाटलं, आता बोलेल, शिव्याशाप देईल. ती म्हणाली, "संक्रांतीला आलती इथं. म्हनली, आई, मी जात न्हाई. दोन दिस रडली. मी म्हनलं, पोरी, नांदत्या बाईनं असं बोलू नये. मीच गाडीत बसवून दिली तिला." तिनं हात सोडला नाही. "तू तर परकी होतीस."

तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना तिनं स्टोव्ह मागितला. पेटवायला नको, म्हणाली, तिचा हात लागलेला आहे म्हणून. आम्ही तो तिच्याकडं ठेवला.

दादा माझ्याबरोबर नाशिकला आला. आईजवळ दोन दिवस राहिला, तिच्या हातचं जेवला, तिचे पाय चेपले. दुकानात मात्र पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी परत गेला. नंतर आई होती तोवर वर्षातून एकदा येत राहिला, आणि येताना आधी सिन्नरला उतरून गिरिजाबाईकडं जायचा. ती गेल्याचंही त्यानंच मला कळवलं. तो अजून चिखलदऱ्यालाच आहे. रोपवाटिकेतून निवृत्त झाला, तरी खोली सोडली नाही. ये म्हटलं की म्हणतो, इथली हवा मानवते.

पण त्या दिवशी सिन्नरच्या स्टँडवर एक बोलणं झालं, ते सांगायचं राहिलं. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो. ओसरीवरून उठल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मला वाटत होतं, आता हा कधीच बोलणार नाही, आणि ते माझं मी ओढवून घेतलंय.

मग समोर बघत त्यानं विचारलं, "जाताना काही म्हणाली का ती?"

"दारातून वळली," मी म्हटलं. "म्हणाली, भाऊंना सांग, मी येऊन गेले."

त्यानं मान हलवली.

"मी सांगितलं नाही, दादा. तू कॅम्पातून आलास तेव्हा माझ्या ओठांवर होतं. तरी सांगितलं नाही."

गाडी लागली. माणसं उठली, पिशव्या उचलल्या. दादानं माझी पिशवी घेतली, आणि दाराशी मला पुढं घालत म्हणाला, "आता सांगितलंस ना."